डावा हात सैल सोड, अवी

अवी, परवा चाळीच्या मंडळाच्या खोलीत तुझी शोकसभा झाली. सतरंज्या घातल्या होत्या, खुर्चीवर तुझा फोटो होता आणि फोटोशेजारी तुझी गिटार. कुणीतरी ती उलटी टेकवली होती, तारा खुर्चीकडे. मी उठून सरळ केली. मग एकेक जण बोलायला उभा राहिला आणि प्रत्येकाने एकच शब्द वापरला. सहज. किती सहज वाजवायचा. किती सहज वागायचा. किती सहज गेला.

तिसऱ्या 'सहज'ला मी उठून बाहेर गॅलरीत आले. तू सहज गेला नाहीस. तुझा डावा हात पाच आठवडे दुखत होता आणि ते मला माहीत होतं. त्या खोलीत पन्नास माणसं होती आणि ते मी एकालाही सांगितलं नाही.

मी रडले नाही याचं चाळीतल्या बायकांना आश्चर्य वाटलं. मला तुझा राग आलाय, अवी. रडायला त्यातून वेळ मिळत नाही.

आपण लालबागच्या एकाच चाळीत, एकाच मजल्यावर वाढलो. तू माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. लग्न होऊन मी दादरला गेले आणि तू आहे तिथेच राहिलास, तुझ्या थोरल्या बहिणीबरोबर. शालनताई लवकर विधवा होऊन माहेरी परत आल्या, तेव्हापासून त्या आणि तू, दोघंच. ऑर्केस्ट्रात तू गिटार वाजवायचास. हळदी, साखरपुडे, गणपतीतले कार्यक्रम. उरलेल्या संध्याकाळी बाहेरच्या खोलीत शिकवायचास. मधली वीस-बावीस वर्षं आपण फक्त गणपतीत भेटायचो. तू विचारायचास, "काय हेडक्लार्क, किती फाइली झाल्या?" आणि मी म्हणायचे, "तुझ्या तारांपेक्षा जास्त." एवढंच.

मग लेक नोकरीला बंगळुरूला गेली आणि तिची गिटार कपाटावर राहिली. वापरात नसलेली वस्तू मला घरात बघवत नाही. एक तर कुणाला देऊन टाकायची, नाहीतर आपण शिकायची. मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते. परळच्या ऑफिसातून सुटून एका शनिवारी गिटार घेऊन तुझ्या दारात उभी राहिले. तू माझ्याकडे बघितलंस, गिटारकडे बघितलंस आणि आत ओरडलास, "ताय, कुरमुऱ्यांचो डबो दी गो!"

मला वाटलं, भेळ करतोयस.

"एक घे," तू म्हणालास. "दाढेत ठेव. चावायचा नाही."

"आणि?"

"आणि वाजव."

"मला येतंय काय वाजवायला?"

"ही एक तार छेड. फक्त ही. वीस वेळा. मऊ पडून विरघळला तर पास. फुटला तर नापास."

चौथ्या वेळी कुरमुरा फुटला. तू इतका हसलास की ताई स्वयंपाकघरातून बाहेर बघायला आल्या. "बघितलंस? बाई हातानं नाही वाजवत, जबड्यानं वाजवते. तीस वर्षं साहेबांवर दात खाल्लेत तिनं."

खरं होतं ते. दातांचे डॉक्टर मला दोन वर्षं सांगत होते की झोपेत दात आवळता, प्लास्टिकची पट्टी लावून झोपा. पाठीला बेल्ट होता, मानेला वेगळी उशी होती. तू यातलं काही विचारलं नाहीस. नुसतं बघत बसायचास आणि मध्येच एखाद्या ठिकाणी बोट दाखवायचास. तुला सगळं दिसायचं. कॉर्ड बदलायच्या आधी मी श्वास धरते. जीभ टाळूला चिकटवते. डावा अंगठा गिटारच्या दांड्यामागे असा रुतवते की नख पांढरं पडतं.

"अंगठा काढ," म्हणायचास.

"काढला तर पडेल ना!"

"पडत नाही. हाताच्या वजनानं वाजव. दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलसारखा हात. टॉवेल दोरीला पकडून ठेवतो काय?"

आणि तो खरखरीचा धडा. तार इतकी हलकी धरायची की सूर निघायच्या ऐवजी नुसती खरखर व्हावी. मग थोडं थोडं वजन वाढवायचं. खरखर थांबली की आपणही तिथेच थांबायचं. "यापुढचं सगळं भांडण आहे," तू म्हणायचास. "आणि जास्त दाबलंस तर सूर चढतो, नंदे. तारेला पण राग येतो."

चार महिन्यांत माझी मान मागे वळायला लागली. हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही. रस्ता ओलांडताना मी आधी सगळी वळायचे, कपाट सरकवल्यासारखी. आता नुसती मान वळते. दातांची पट्टी डबीत पडून आहे. लग्नाच्या नवऱ्याला, पोटच्या लेकीला, ऑफिसातल्या योगाच्या बाईला जे जमलं नाही, ते तू एका कुरमुऱ्यावर केलंस. माझं अंग तू सोडवलंस. हे इथे एकदाच लिहिते, कारण पुढे जे लिहायचं आहे त्यात हे लिहिण्याची इच्छा राहणार नाही.

मी यादी केली. कुणी काही चांगलं सांगितलं की मी ते लिहून काढते, त्याला क्रमांक देते आणि डोळ्यांसमोर लावते. ऑफिसात माझ्या टेबलामागे अशा पाच याद्या आहेत. तुझ्या शिकवण्याचे मी अकरा मुद्दे काढले. जबडा, जीभ, श्वास, दोन्ही खांदे, कोपर, अंगठा असे क्रमाने. अकरावा मुद्दा माझा स्वतःचा होता. पायाची बोटं. वाजवताना मी बोटं आवळते हे माझ्याच एकदा लक्षात आलं. तुला ते माहीत नव्हतं. तू लगेच खाली वाकून सगळ्या विद्यार्थ्यांची बोटं बघितलीस आणि सगळ्यांनी आवळलेली निघाली. त्या दिवशी मी घरी चालत गेले, लालबाग ते दादर, खुशीत.

पण यादी लॅमिनेट करून आणली तेव्हा तू तोंड वाकडं केलंस.

"हे काय?"

"अकरा मुद्दे. वाजवायच्या आधी एकदा, मध्ये एकदा, शेवटी एकदा."

"नंदे, सैल सोडणं हे काम नाही. काम थांबवणं आहे ते. तू थांबायची पण कामं लावतेस."

"ज्याला नुसतं 'सोड' म्हटलं की सुटतं, त्याला यादी लागत नाही. बाकीच्यांना लागते."

"खांदा खाली कर म्हटलं की माणूस खांदा खाली दाबतो. तो पण ताणच."

"मग काय करायचं? वाट बघायची?"

"हो," तू म्हणालास. "वाट बघायची."

हे भांडण तीन वर्षं चाललं. तू यादी भिंतीवर लावलीस, पण दाराच्या मागे, दार उघडं असलं की दिसायची नाही अशी. मी येऊन दार ओढून घ्यायचे. तू गरम होतंय म्हणून उघडायचास. तुझे बाकीचे विद्यार्थी माझ्या बाजूचे होते. ते वाजवायच्या आधी यादी वाचायचे. शेवटी शेवटी तूच नव्या माणसाला सांगायला लागलास, "आधी दारामागचं वाच, मग माझ्याकडे ये." मी ऐकत नाहीये असं बघून सांगायचास. मी ऐकायचे.

या भांडणात कोण बरोबर होतं ते आता ठरलंय. पण ते ऐकायला तू नाहीस, हा मला तुझा खास स्वभाव वाटतो. निकाल लागायच्या वेळी तू नेहमी उठून चहाला जायचास.

तू जायच्या पाच आठवडे आधी वरळी कोळीवाड्यात हळदीचा कार्यक्रम होता. तुमच्या ऑर्केस्ट्राच्या वायरींना मी रंगीत पट्ट्या लावून दिल्या होत्या, कुठली कशाची ते कळावं म्हणून. त्या नीट लागतात का ते बघायला मी आले. दुपारचे चार वाजले होते. गल्लीत टेम्पो शिरत नव्हता, म्हणून सामान हातानं न्यायचं होतं. दोन्ही बाजूंना बोंबील वाळत होते. परब, तुमचा ऑक्टोपॅडवाला, दोन पेट्या घेऊन पुढे गेला. तू ॲम्प्लिफायर उचललास, पंधरा-वीस पावलं चाललास आणि एका होडीशेजारी तो खाली ठेवलास.

"काय झालं?"

"काही नाही. डावा हात भरून आलाय."

"कशाने?"

तू माझ्याकडे बघितलंस. आता आठवते तेव्हा वाटतं, माझ्याकडे बघून मग ठरवलंस काय सांगायचं ते. "पट्टा," म्हणालास. "गिटारचा पट्टा रुततोय हल्ली. खांद्यात."

मला किती बरं वाटलं ते सांगते. तुला दुखतंय याचं नाही. तुझ्या खांद्याबद्दल मला काही करता येईल याचं. पिशवीत नॅपकिन होता. मी त्याची घडी केली, पट्ट्याखाली घातली आणि दोन सेफ्टीपिना लावल्या. तू स्टेजवर उभा राहिलास. नवरीच्या काकांनी पहिल्या गाण्यापासून नाचायला सुरुवात केली आणि दर गाण्यानंतर ते तुला ओरडून सांगत होते, "गिटारवाले, थांबायचा नाय!" तू थांबला नाहीस. तीन तास उभा होतास.

आणि मी खाली खुर्चीत बसून बघत होते की तुझा डावा खांदा वर गेलाय. कानाकडे. तीन वर्षांत पहिल्यांदा तुझा खांदा वर दिसला. मला आनंद झाला, अवी. तुझी चूक सापडली म्हणून मला आनंद झाला. आता याला शनिवारी धरते, असं मी मनात म्हटलं.

शनिवारी धरलं. क्लास संपल्यावर तुला विद्यार्थ्यांच्या खुर्चीत बसवलं, दार ओढून घेतलं आणि यादीसमोर उभी राहिले.

"जबडा," मी म्हणाले.

"अगं..."

"जबडा."

तू ऐकलंस. ज्या माणसाने आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही त्याने त्या दिवशी माझं ऐकलं. जबडा सोडलास, जीभ सोडलीस, श्वास सोडलास. डोळे मिटून घेतलेस. मी एकेक मुद्दा वाचत गेले. खांद्यापाशी आले तेव्हा तुझ्या कपाळावर घाम होता. मी पंखा वाढवला.

"डावा हात सैल सोड, अवी."

"सोडलाय."

"नाही सोडलेला. टॉवेल. दोरीवरचा टॉवेल."

तू हसलास. हात मांडीवरून खाली लोंबू दिलास. मी मनगट धरून हलवून बघितलं, तू आमचं हलवून बघायचास तसं. मी तुझं मनगट हातात धरलं होतं, अवी. दोन बोटं थोडी आत सरकवली असती तर नाडी लागली असती. मी सैलपणा तपासत होते.

"आता?"

"बरं वाटतंय."

"किती? आकडा सांग."

"आकडा कसला?"

"शंभरातले किती बरं?"

"साठ," तू म्हणालास. मी वहीत लिहिलं.

पुढच्या शनिवारी ऐंशी. त्याच्या पुढच्या शनिवारी नव्वद. चौथ्या शनिवारी पंच्याण्णव, आणि वर म्हणालास, "तुझी यादी भारी आहे हां, नंदे. मान्य." तीन वर्षं ज्या वाक्याची मी वाट बघितली ते तू त्या शनिवारी दिलंस. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. "अवीने मान्य केलं." तो म्हणाला, "काय?" मी म्हणाले, "तुला नाही कळणार."

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी दहा वाजता तू गिटारच्या तारा बदलत बसला होतास आणि ताईंच्या समोर खाली कोसळलास.

एक गोष्ट लिहायचीच आहे, लाज वाटत असली तरी. आमच्या ऑफिसात चाळिशीवरच्या सगळ्यांची दरवर्षी तपासणी असते आणि ती मी लावते. शंभरावर माणसं. कोण राहिला, कोण टाळतोय, कोण उपाशी आला नाही, सगळं माझ्याकडे असतं. आमचा एक ड्रायव्हर म्हणाला की मॅडम, मला कायच झालं नाय, मी नाय येणार. त्याला मी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "म्हात्रे, काही झालं नसेल तर अर्धा तास जाईल. काही झालं असेल तर तो अर्धा तास मी तुमच्या बायकोला कुठून आणून देऊ?" म्हात्रे गेला. हे वाक्य मी दरवर्षी चार-पाच जणांना म्हणते. तुला मी पट्ट्याखाली नॅपकिन घालून दिला.

कारण तू गिटार वाजवायचास. गिटार वाजवणाऱ्या प्रत्येकाचा डावा हात दुखतो. माझा दुखला, तुझ्या सगळ्या विद्यार्थ्यांचा दुखला आणि प्रत्येकाला तू तेच सांगितलंस की ताण आहे, सोड. आपल्या त्या खोलीत दुखण्याला दुसरा अर्थच नव्हता. तो अर्थ तू मला शिकवला होतास. मी चांगली विद्यार्थिनी होते.

हॉस्पिटलात मी पोचले तोवर संपलं होतं. ताई बाकावर बसल्या होत्या, तुझी चप्पल मांडीवर घेऊन. एक तरुण डॉक्टर आले. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "यांना आधी काही त्रास होत होता का? छातीत, हातात, जबड्यात?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. "तुका कायतरी बोललो होतो काय गो?"

"नाही," मी म्हणाले.

ऑफिसात 'ती फाइल आमच्याकडे आलेली नाही' म्हणताना माझा जो आवाज असतो, त्या आवाजात म्हणाले. एकदम स्वच्छ. ताई डॉक्टरांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "नाय. कायएक नाय." डॉक्टरांनी मान हलवली आणि गेले.

तेव्हापासून तुझ्यावर चिडलेय. साठ म्हणालास तेव्हा किती होतं? ऐंशी म्हणालास तेव्हा? तू आकडे वाढवत गेलास कारण मी वहीत लिहीत होते आणि तुला माझा उतरलेला चेहरा बघायचा नव्हता. तीन वर्षं तू माझी चूक दाखवून मला सुधारलंस. माझी एकच चूक दाखवायची खरी गरज होती, तेव्हा तू म्हणालास, तुझी यादी भारी आहे. मला खूश केलंस. मला तुझ्याकडून खूश व्हायचं नव्हतं रे. मला शिकायचं होतं.

हे सगळं डोक्यात घेऊन काल दुपारी मी ताईंकडे गेले. सांगून टाकायचं ठरवलं होतं. त्यांनी मला हाकलून दिलं तरी चालेल, आयुष्यभर तोंड बघितलं नाही तरी चालेल, पण 'नाही' म्हणाले ते परत घ्यायचं. ताई खाली बसून तांदूळ निवडत होत्या. दार सताड उघडं होतं. मी चप्पल काढली आणि उभ्या उभ्याच बोलले, नाहीतर बोलता आलं नसतं.

"ताई, मी त्या दिवशी खोटं बोलले."

"खंयच्या दिवशी?"

"हॉस्पिटलात. त्याचा हात दुखत होता. मला माहीत होतं. पाच आठवडे. मला वाटलं गिटारमुळे. मी त्याला व्यायाम दिले. डॉक्टरकडे जा म्हटलं नाही."

ताईंचा हात ताटात थांबला. त्यांनी वर बघितलं नाही.

"माका म्हणालो," त्या म्हणाल्या, "ताय, ती पेटी उचलताना हात भरलो. मी बाम चोळलंय. रोज सकाळी चोळी होतंय. म्हणी होतो, ताय, तुझ्या हाताक गुण आसा."

मी खाली बसले.

"मग तुम्ही डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"तू नाय म्हणालंस," ताई म्हणाल्या. "मगे मी पण नाय म्हटलंय. माका वाटला, तुका ठावक नाय म्हणजे माकाच सांगल्यान होता. माझाच चुकला."

आम्ही दोघी एकाच बाकावर बसून एकच गोष्ट एकमेकींपासून लपवत होतो, अवी. तुझी चप्पल मध्ये होती.

"आणि परबाक काय सांगल्यान, ठावक आसा?" ताईंचा आवाज आता चढला. "ॲसिडिटी! परब बाराव्याक इलो तो रडाकच लागलो. म्हणालो, ताय, मी रोज त्येका गोळी देय होतंय. रोज! गोळी खाय आणि म्हणा, परब्या, तुझी गोळी म्हणजे जादू."

तेव्हा मला तू कळलास. पन्नास वर्षं ओळखत होते, पण काल कळलास. ऑर्केस्ट्रात लोक स्टेजवर चिठ्ठ्या पाठवतात, फर्माईश म्हणून. तू एकही चिठ्ठी परत करायचा नाहीस. ज्याला जे गाणं हवं ते त्याच्याकडे बघून, हसून, वाजवायचास. तुझं दुखणंसुद्धा तू असंच वाजवलंस. मला यादी आवडते म्हणून माझ्यासाठी तो ताण झाला. ताईंना तुझी सेवा करायची होती, त्यांच्यासाठी मुरगळ झाली. परबाच्या खिशात गोळ्या होत्या, तर पित्त झालं. प्रत्येकाने आपापला इलाज केला, प्रत्येकाला तू शाबासकी दिलीस. आम्हा तिघांपैकी कुणीही मूर्ख नव्हतं. तिघं एकदा तुझ्यासमोर चहाला बसलो असतो तर पाच मिनिटांत कुणीतरी म्हणालं असतं की थांबा, हे काय चाललंय? पण तू सगळ्यांना एकेकटं भेटायचास. लोक त्याला तुझा प्रेमळपणा म्हणतात. परवाच्या सभेतही म्हणाले.

तो प्रेमळपणा नव्हता. तुला भीती वाटत होती, आणि ती तू आम्हाला दिली नाहीस. ज्याने मला शिकवलं की घट्ट धरून ठेवू नको, त्याने एवढी एक गोष्ट किती घट्ट धरून ठेवली! मला द्यायची होतीस. मी ती वाईट हाताळली असती, घाईने हाताळली असती, तुझ्यावर ओरडले असते, टॅक्सीत कोंबलं असतं, रांगेत भांडले असते. मला तेच येतं. तू मला माझं येणारं काम करू दिलं नाहीस.

हे मी मोठ्याने बोलले. मनात म्हणायचं ठरवलं होतं, पण आवाज बाहेर आला. आणि ताईंनी तांदळाचं ताट बाजूला सारलं आणि त्यांनीही सुरुवात केली. तुला त्या काय काय म्हणाल्या ते इथे लिहिता येणार नाही. मालवणीत होतं, आणि त्यातलं निम्मं मी पहिल्यांदा ऐकलं. तुझ्या नावाने, तुझ्या गिटारच्या नावाने, तुझ्या हसण्याच्या नावाने. "हसान हसान गेलो मेलो!" त्या जमिनीवर हात आपटत होत्या. मी पण ओरडत होते. दोघींचा आवाज पार जिन्यापर्यंत गेला असणार.

शेजारच्या खोलीतल्या सावंतकाकू दारात येऊन उभ्या राहिल्या. हात पिठाचे होते.

"काय गो झाला? कोणाशी भांडतास?"

"अवीशी," ताई म्हणाल्या.

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग ताईंकडे. मला वाटलं, समजूत घालतील. गेलेल्या माणसाला असं बोलू नये, म्हणतील. त्या आत आल्या. पिठाचे हात पदराला पुसले आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

"हात दुखण्यावरसून?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कसं माहीत?" मी म्हणाले.

"माका म्हणालो होतो," काकू म्हणाल्या, "उशी बदलल्यान म्हणान मान धरली, ती हातात उतरली. मी माझी उशी दिलंय त्येका. कापसाची."

ताई उठल्या. आतल्या खोलीत गेल्या आणि ती उशी घेऊन आल्या. पांढऱ्या अभ्र्यावर तेलाचा डाग होता, तुझ्या डोक्याचा. त्यांनी ती काकूंच्या समोर जमिनीवर ठेवली. काकूंनी ती घेतली नाही. ताईंनी उचलली नाही. मीही नाही. आम्ही तिघी तिच्याभोवती बसून राहिलो.